रेख, किरण, रेषा: अक्षरं तीच, वस्तू वेगळी

प्रश्न सेलूच्या एका वडिलांचा आहे. मुलगी सहावीत, यंदाच सीबीएसईच्या शाळेतून राज्य मंडळाच्या मराठी शाळेत आली. चाचणीत एका रेषेवर पी, क्यू, आर, एस असे चार बिंदू दिले होते. तिनं लिहिलं, "किरण पीक्यू आणि किरण क्यूपी एकच." गुण गेला. वडील विचारतात: रेषेचं नाव उलटं वाचलं तरी चालतं, मग किरणाचं काहून चालत नाही? बिंदूला मोठं अक्षर आणि रेषेला लहान, हे ठरवलं कुणी? आणि आमचे आजोबा "त्रिकोण अबक" म्हणायचे, ते चुकीचं होतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही. आजोबा बरोबरच होते. का, ते पुढे येईलच.

मी एकतीस वर्षं परभणी जिल्ह्यात गणित शिकवलं, त्यातली बरीचशी पाचवी ते आठवीला. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: खाली मी सगळी अक्षरं देवनागरीतच लिहिणार आहे. बिंदूचं नाव आलं की इंग्रजी लिपीतलं मोठं अक्षर समजा. रेषेचं एका अक्षराचं नाव आलं तर मी "लहान एल" असं स्पष्ट म्हणेन.

नाव कशासाठी असतं हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते २०२० साली. शाळा बंद. माझ्या वर्गातल्या निम्म्या लेकरांच्या घरी एकच फोन, तोही साधा, चित्र दिसायची सोय नाही. मी फोनवर आकृती सांगायचे आणि पलीकडे लेकरू वहीत काढायचं. "बिंदू बी घे, तिथून डी जोड." पलीकडून प्रश्न, "बाई, बी का डी? का पी?" कानाला तिन्ही सारखंच लागतं. एम आणि एन तर विचारूच नका. मग आम्ही मराठवाड्यातले जिल्हे धरले. पी परभणीचा, बी बीडचा, जे जालन्याचा, एल लातूरचा, एन नांदेडचा, एच हिंगोलीचा, ओ उस्मानाबादचा. डीला तेव्हा जिल्हा नव्हता, म्हणून देगलूरचा डी केला होता. आता धाराशिव झाल्यामुळे डीला जिल्हा मिळाला आणि ओ बिचारा उघडा पडला. नाव बदललं म्हणून नकाशावरचा ठिपका मात्र जागचा हलला नाही. बिंदू आणि त्याचं अक्षर यांचं नातं एवढंच असतं.

पण त्या फोनवरच्या तासांनी मला एक कसोटी दिली, ती मी अजून वापरते. आकृती न पाहता, नुसती नावं ऐकून समोरच्याला तीच आकृती काढता आली, तर नावं बरोबर. वेगळी आकृती निघाली, तर नावं देताना काहीतरी राहिलं.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. पी, क्यू, आर, एस बाजूला ठेवा. तुम्ही सेलूचे, तेव्हा रेल्वे घेऊ: जालना, सेलू, परभणी, पूर्णा, याच क्रमानं. रूळ वळणं घेतात हे मान्य, पण घटकाभर ते ताणून सरळ केले असं समजा.

या चार ठिकाणांतून दोन-दोन नावं घेऊन जोड्या करा, आणि उलटसुलट वेगळ्या मोजा. जालना-सेलू एक, सेलू-जालना दुसरी. अशा बारा जोड्या होतात. या बाराही जोड्यांपुढे आळीपाळीनं तीन शब्द लावून बघू.

"रेषा" हा शब्द लावला तर बाराही नावं एकाच वस्तूची. भूमितीतली रेषा दोन्ही बाजूंना न संपणारी असते. जालन्याच्या मागेही जाते, पूर्णेच्या पुढेही जाते. त्यामुळे ती ओळखायला तिच्यावरचे कोणतेही दोन बिंदू पुरतात आणि क्रमानं काही बिघडत नाही. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, एवढ्या एका गोष्टीवर हे नाव उभं आहे. म्हणून रेषेच्या नावात दोन अक्षरं लागतात. एक बिंदू सांगून भागत नाही, त्यातून वाटेल तेवढ्या रेषा जातात.

"रेख" लावलं, म्हणजे रेषाखंड, तर त्याच बारा नावांच्या सहा वस्तू होतात. रेख सेलू-परभणी आणि रेख परभणी-सेलू एकच, कारण तुकडा तोच, टोकं तीच. पण रेख सेलू-परभणी आणि रेख सेलू-पूर्णा वेगळे. एक परभणीला संपतो, दुसरा पुढे पूर्णेपर्यंत जातो. इथे दोन्ही अक्षरं टोकं सांगतात.

आता "किरण". गंमत अशी की इथेही सहाच वस्तू निघतात, पण वाटणी पार बदलते. किरणाचं पहिलं अक्षर म्हणजे आरंभबिंदू, जिथे आपण उभे आहोत ती जागा. दुसरं अक्षर म्हणजे फक्त तोंड कुणीकडे आहे ते. सेलूच्या फलाटावर उभं राहून परभणीकडे तोंड करा. तुमची नजर परभणी ओलांडून पूर्णेला आणि पुढे जाईल तिथवर जाते. म्हणून किरण सेलू-परभणी आणि किरण सेलू-पूर्णा एकच. रेषाखंडाच्या वेळी जे वेगळे होते ते इथे एक झाले. उलट किरण परभणी-सेलू म्हणजे तुम्ही परभणीला उभे आणि तोंड जालन्याकडे. तो किरण पूर्णेला कधीच पोचणार नाही. किरण सेलू-परभणी आणि किरण परभणी-सेलू यांच्यात समाईक काय, तर मधला सेलू ते परभणी एवढा तुकडा. रेषाखंडाच्या वेळी जे एक होते ते इथे वेगळे.

सगळी वाटणी करून बघायची असेल तर मुलीला कागदावर करू द्या. जालन्याहून निघणारा नाव देता येण्यासारखा किरण एकच, त्याची नावं तीन. सेलूहून दोन किरण: जालन्याकडचा, त्याचं एक नाव, पूर्णेकडचा, त्याची दोन. परभणीहून तसेच दोन, पूर्णेहून पुन्हा एक. एकूण किरण सहा, नावं बारा. जालन्याहून मागे जाणारा किरणही आहेच, पण त्या बाजूला नाव दिलेला बिंदू नाही, म्हणून तो या अक्षरांत पकडता येत नाही. परीक्षेत "सर्व किरणांची नावे लिहा" असं विचारतात तेव्हा लेकरं नेमकी याच जागी अडतात.

मग मुलीचं चुकलं कुठे? तिला किरण कळत नाही असं मला वाटत नाही. आधीच्या शाळेतल्या पुस्तकांत रेषाखंडासाठी दोन अक्षरांवर आडवी रेघ, किरणासाठी एका टोकाला बाण, रेषेसाठी दोन्ही टोकांना बाण, अशी खूण असते. अर्थ खुणेत असतो. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत खूण नसते, त्याजागी शब्द असतो: रेख, किरण, रेषा. शब्द न लावता नुसती दोन अक्षरं लिहिली तर ती लांबी. रेख पीक्यू ही वस्तू, नुसतं पीक्यू म्हणजे तिची लांबी, आकडा. म्हणून दोन रेषाखंड एकरूप आहेत असं लिहिताना ≅ हे चिन्ह आणि पुढे "रेख", आणि लांब्या समान असताना नुसती अक्षरं आणि =. दोन वेगळ्या पद्धती, दोन्ही बरोबर, आणि मधे सापडलं लेकरू. वर बाण काढायची सवय लागलेल्या मुलीनं बाण सोडला आणि शब्दाकडे तिचं लक्ष गेलं नाही, एवढंच झालं असणार. खुणा देशागणिकही बदलतात. फ्रान्सच्या शाळांत रेषेसाठी अक्षरं गोल कंसात, रेषाखंडासाठी चौकोनी कंसात आणि किरणासाठी एक कंस चौकोनी, दुसरा गोल. मला ही पद्धत आवडते. चौकोनी कंस म्हणजे इथे थांबलं, गोल कंस म्हणजे पुढे चालू. पण आपल्या पेपरात कुणी असं लिहिलं तर तपासणारा डोकं खाजवील.

पुढच्या वर्गांत हा शिस्तीचा भाग सैल होतो. एनसीईआरटीच्या अनेक वर्षं चाललेल्या नववीच्या पुस्तकात सरळ सांगितलं होतं की रेषा, किरण, रेषाखंड आणि लांबी या सगळ्यांना सोयीसाठी एकच चिन्ह वापरू, अर्थ संदर्भावरून कळेल. नववीच्या मुलाला कळतो. सहावीच्या लेकराला संदर्भच अजून नसतो, म्हणून सहावीत काटेकोर राहावं लागतं. गुण कापल्याबद्दल शाळेवर रागावू नका.

मोठं आणि लहान अक्षर कुणी ठरवलं, याचं उत्तर थोडं लांबचं आहे, आणि मला स्वतःला त्यातच जास्त गोडी आहे.

ग्रीक गणिती युक्लिडनं ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास बिंदूंना ग्रीक अक्षरं दिली: आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. त्याच्या काळात ग्रीकमध्ये लहान अक्षरं नव्हतीच. ती लिपी पुढे कित्येक शतकांनी, हस्तलिखितं भराभर उतरवण्याच्या गरजेतून आली. त्यामुळे "बिंदू मोठा, रेषा लहान" असा भेद त्याला करताच आला नसता. रेषेला तो बहुतेक वेळा तिच्या टोकांच्या दोन अक्षरांनी ओळखायचा. पुढे लॅटिन लिपीत मोठी-लहान अशी दोन्ही अक्षरं हाताशी आल्यावर ही वाटणी सोयीची झाली. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यानं १८९९ मध्ये भूमितीचा पाया नव्यानं बांधला, तेव्हा अगदी सुरुवातीलाच सांगून टाकलं: बिंदूंना मोठी अक्षरं, रेषांना लहान, प्रतलांना ग्रीक. शाळेत आपण आज तेच करतो. यात निसर्गाचा कुठला नियम नाही. ही ठरवून घेतलेली सोय आहे, रस्त्यानं डावीकडून चालायचं ठरवतो तशी.

आणि आता तुमच्या आजोबांचं अबक. शाळेत तुकड्या कशा असतात? अ, ब, क, ड. पेपरात पर्याय? अ, ब, क, ड. कधी विचार केलात की हा क्रम आपल्या मुळाक्षरांतला नाही? मुळाक्षरांत अ नंतर आ येतो, क नंतर ख. अ-ब-क-ड ही ए-बी-सी-डीची सावली आहे. आवाज आपले, रांग त्यांची.

आमच्या घरात तर याच्याही आधीची एक रांग होती. वडील निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकले. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून होतं, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. वडिलांच्या तोंडी बिंदू म्हणजे नुक्ता, रेषा म्हणजे खत, त्रिकोण म्हणजे मुसल्लस. मला शिकवायला बसले की ते त्रिकोणाला अलिफ, बे, जीम अशी नावं द्यायचे. मी लहानपणी विचारायची, "दादा, उर्दूत बे नंतर पे येतो ना? मग पे, ते सोडून एकदम जीम का?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. "किताबात असंच होतं," म्हणायचे.

उत्तर मला खूप नंतर कळलं. अरबीत अक्षरांची एक जुनी रांग आहे, तिला अबजद म्हणतात: अलिफ, बे, जीम, दाल. ती रांग आणि ग्रीक आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा ही एकाच मुळाची आहेत. युक्लिडचं पुस्तक अरबीत आलं तेव्हा आकृतीवरची अक्षरं त्याच रांगेनं आली. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगाच्या दरबारातल्या पंडित जगन्नाथानं ("सम्राट" ही त्याची पदवी) १७१८ च्या सुमारास पर्शियन गणिती नसिरुद्दीन तुसीच्या युक्लिडवरच्या अरबी ग्रंथावरून संस्कृतात "रेखागणित" रचलं. त्यातल्या आकृत्यांवर अ, ब, ज, द आहेत. संस्कृत पंडित क-ख-ग लिहू शकला असता, पण त्यानं अबज त्रिभुज लिहिला. म्हणजे वडिलांचा जीम, जगन्नाथाचा ज, तुमच्या आजोबांचा क आणि तुमच्या मुलीची सी ही चौघं एकाच कोपऱ्यावर उभी आहेत. तिसऱ्या शिरोबिंदूवर.

मग आपण अबक सोडून इंग्रजी अक्षरं का घेतली? माझ्या मते एक ठोस अडचण होती. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, उर्दूतही नाही. "ल" हा बिंदू की रेषा, ते अक्षराकडे बघून कळत नाही. दर वेळी पुढे शब्द लावावा लागतो. इंग्रजी अक्षरांत मोठा एल हा बिंदू आणि लहान एल ही रेषा, बघताक्षणी कळतं. वर पुढे बीजगणित, विज्ञान सगळीकडे तीच अक्षरं येतात. पण आजोबांनी "त्रिकोण अबक" म्हटलं तर त्यात एकही भूमितीय चूक नाही.

आता जिथे मोठ्या वर्गांतही सर्रास चुकतं ते. कोनाच्या नावात तीन अक्षरं असली तर शिरोबिंदू मधे. ∠ एबीसी मध्ये कोन बीपाशी. बीपाशी एकच कोन असेल तर नुसतं ∠ बी चालतं. पण एका बिंदूतून तीन किरण निघाले की तिथे तीन कोन होतात, चार निघाले की सहा. तिथे नुसतं एक अक्षर लिहिणं म्हणजे गावात चार पाटील असताना "पाटलाला बोलवा" म्हणणं.

चौकोनाचं मी वेगळ्या पद्धतीनं शिकवते. समजा तुमचं वावर आहे. चार कोपऱ्यांवर चिंच, लिंब, बाभूळ आणि बोर, याच क्रमानं. नाव देताना धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, चालत जायचं. कुठूनही निघा, कोणत्याही बाजूनं फिरा, पण धुरा सोडायचा नाही. चिंच-लिंब-बाभूळ-बोर बरोबर. बाभूळ-लिंब-चिंच-बोर, तेही बरोबर. पण चिंच-बाभूळ-लिंब-बोर म्हटलंत तर चिंचेपासून बाभळीपर्यंत तुम्ही उभ्या पिकातून गेलात. ते चौकोनाचं नाव नव्हे. चार अक्षरं चोवीस प्रकारे मांडता येतात, त्यातल्या आठच मांडण्या धुऱ्यानं जातात. बाकी सोळा पीक तुडवतात. एकदा एका मुलानं विचारलं, "बाई, त्रिकोणाला सहाही चालतात, मग चौकोनाला चोवीस का नाही?" मी त्यालाच तीन झाडांचं वावर काढायला लावलं. तीन कोपरे असले की कोणत्याही दोघांच्या मधे धुराच असतो, पिकात शिरायला वाटच नाही. त्याचं त्यालाच कळलं.

एकरूप त्रिकोणांत मात्र त्रिकोणाचीही सहा नावं सारखी राहत नाहीत, आणि इथे दहावीपर्यंत गुण जातात. समजा पहिल्या त्रिकोणात ए काटकोन, बी ६० अंश, सी ३० अंश. दुसऱ्यात काटकोन क्यूपाशी, ६० अंश आरपाशी, ३० अंश पीपाशी. बाजूही जुळतात, म्हणून दोन्ही एकरूप आहेत. लेकरं सवयीनं लिहितात △ एबीसी ≅ △ पीक्यूआर, कारण पी-क्यू-आर म्हणायला जीभ सरावलेली. पण त्या लिहिण्याचा अर्थ झाला की ए आणि पी जोडीदार, म्हणजे काटकोन आणि ३० अंश समान. बरोबर नाव आहे △ एबीसी ≅ △ क्यूआरपी. तसं लिहिलं की पुढचं आकृती न बघताही वाचता येतं: पहिली दोन अक्षरं, एबी बरोबर क्यूआर. शेवटची दोन, बीसी बरोबर आरपी. पहिलं आणि तिसरं, एसी बरोबर क्यूपी. पुस्तक याला एकास एक संगती म्हणतं. मी वर्गात म्हणायची, लग्नात मुंडावळ्या कुणाला बांधायच्या ते आधी नीट बघा, मग पंगत.

बाकीच्या गोष्टी सवयीच्या. अक्षर बिंदूच्या शेजारी लिहावं, रेषेवर चढवू नये, शिरोबिंदूचं अक्षर आकृतीच्या बाहेर. लहान एल लिहिताना जरा वळण द्यावं, नाहीतर तो एकचा आकडा दिसतो. ओ शक्यतो वर्तुळाच्या केंद्रासाठी राखून ठेवावा. संख्यारेषेवर तो शून्यासारखा दिसून घोळ घालतो. त्रिकोणाच्या बाजूंना एका अक्षराची नावं द्यायची झाली तर ए कोनासमोरची बाजू लहान ए, बीसमोरची लहान बी. ही पद्धत ऑयलरनं रूढ केली असं मानतात आणि आठवीत हेरॉनचं सूत्र येतं तेव्हा ती उपयोगी पडते.

मुलीचा गुण परत मिळणार नाही. पण एक करून बघा. आजोबा असतील तर त्यांना संध्याकाळी फोन लावून द्या. तिनं इकडे एक चौकोन काढावा, त्यात एक कर्ण, कर्णावर एक बिंदू, त्या बिंदूतून एक किरण. मग चित्र न दाखवता नुसती नावं सांगून आजोबांकडून तीच आकृती काढून घ्यावी. अबक म्हणून सांगितलं तरी चालेल. किरणाचं नाव उलटं सांगितलं की आजोबांचा किरण भलतीकडे जाईल, आणि ते फोनवरच विचारतील, "बाळा, नेमकं कुणीकडे तोंड करू?"